सल्लागार बाईंच्या पोटातला गोळा

नाही म्हणजे, नोकरी नाकारायची तर नाकारा हो, पण कारण काय द्यावं माणसानं? तुम्हाला सांगते, हेलसिंकीतली ती मोठी सल्लागार कंपनी मला म्हणते, "आउलिक्कीबाई, अनुभव दांडगा आहे, पण तुम्ही फार घाबरता!" अहो, घाबरणारच! अर्धं आयुष्य कागदगिरणीत गेलं, गिरणी बंद पडली, चाळिशी उलटली, आणि समोर परीक्षा घ्यायला कोण, तर कालची पोरं... पोटात गोळा येणार नाही तर काय गाणं येणार?

घरी येऊन रडले. माझी बहीण सिर्क्का, तिला दुसऱ्याच्या रडण्याचा मुळात कंटाळा. कॉफी ओतत म्हणते कशी, "अगं, सल्ला द्यायला कंपनी कशाला लागते? मी जन्मभर देतेय की!" आणि मला न विचारता पहिलं गिऱ्हाईक ठरवूनसुद्धा मोकळी! टाम्पेरेतले दोघे भाऊ, वेसा आणि ताउनो, त्यांची राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाची बेकरी. नाताळापर्यंत सावरली नाही तर कायमचं टाळं, कामगार रस्त्यावर. आणि वाचवणार कोण? मी! आला पोटात गोळा!

गेले. बर्फ तुडवत गेले. दारात बूट काढले, तर एक मोजा निळा, एक तपकिरी! बसले टेबलाशी, तोंड उघडलं... आणि पाठ केलेलं भाषण गायब! आवाजच फुटेना. वेसा माझ्याकडे बघतोय, मी कपात बघतेय... पळावं तर बूट दाराशी! शेवटी वेसा घोगऱ्या आवाजात, "ताउनो, बाई गप्प आहेत. म्हणजे फारच वाईट दिसतंय."

धाकटा पांढराफटक. "दादा, खरं सांगू? दोन भट्ट्या नाही परवडत आपल्याला."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस कधी? बाबा गेल्यापासून तुझी भट्टी वेगळी, माझी वेगळी, मीठसुद्धा वेगळं!"

इकडे माझे हात लटलटतायत, बशीवर कप वाजतोय खडखड, आणि त्यांना वाटलं, बाई संतापल्या! वेसानं डोळे पुसले. "बरं, बरं, बाई... माझी बंद करतो."

झालं! बेकरी वाचली हो, खरंच वाचली, आणि माझी मात्र गावभर ख्याती! "ती बाई? बोलत नाही. नुसती बघते, आणि माणूस आपणहून खरं ओकतो!" मग लाकूडवाला आला, मासेवाला आला, परवा तर नगरपालिका! प्रत्येक ठिकाणी जाते, बसते, आणि पोटात गोळा तोच, तसाच, ताजा!

शेवटी सिर्क्कापुढे हात जोडले. "अगं, मला धीर कधी येणार?"

तर किंचाळली ना ती! "येऊ देऊ नकोस, बाई! धंदा बसेल!"

आता काय बोलणार? सकाळी पुन्हा जायचंय... घाबरायला.