भीमेच्या रेघेतली माणसं

सोलापूर स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर कॉलेजातली एक नात आजीला मोबाइलवर नकाशा दाखवत होती.

"ह्या रेघेच्या आत पडलेला सगळा पाऊस भीमेला मिळतो, आज्जी. आतली माणसं मोजायचीत."

"कर्नाटकातली बी?"

"व्हय. पाणी तिकडं बी जातं की."

"मग अफजलपूरची तुझी आत्या आपल्यातच धरली?"

"धरली की."

"किती भरली सगळी?"

"अंदाजे कोटीच्या वर."

"आगं बया. आन् तुझा आज्जा?"

"त्यास्नी कसं धरू? जित्या माणसांचीच मोजणी हाय."

"त्यांची राख भीमेतच सोडलीया. त्यांच्या बाची, आज्जाची बी तितंच. समद्यांची गेलेली माणसं धरली, तर आकडा मावंल का गं तुझ्या फोनात?"