दीडचे पेशंट

मॅडम: पावणेदोन झाले, काका. तुमचे दीडचे पेशंट कुठे आहेत?

काका: येतील हो. तोवर डबा उघडा.

मॅडम: डबा राहू दे. तीन आठवडे झाले, हा माणूस रोज दीडची वेळ घेतो आणि रोज दांडी मारतो. तुम्ही तर दहा मिनिटं उशिरा आलेल्याला दारातून परत पाठवता. सोळा वर्षं पाठवताय. याचेच एवढे लाड कशासाठी?

काका: दातांच्या दवाखान्याची धास्ती घेतलीय त्यांनी. अशांना चुचकारून आणावं लागतं.

मॅडम: मग मी चुचकारते. नंबर सांगा.

काका: आत्ता जेवत असतील.

मॅडम: मी जेवतेय का? वही द्या इकडे.

काका: तुम्ही दात बघायचे, मी वही बघायची, असं पहिल्या दिवशीच ठरलंय आपलं.

मॅडम: सोडा, फाटेल. हं. दीड ते सव्वादोन, रूट कॅनाल. हा नंबर. काय अक्षर आहे हो तुमचं! थांबा, इथल्याच फोनवरून लावते.

काका: मॅडम, ठेवा तो फोन.

मॅडम: रिंग जातेय. काका, तुमचा खिसा वाजतोय.

काका: वाजू दे.

मॅडम: घ्या ना. महत्त्वाचा असेल.

काका: तुमचाच आहे.

मॅडम: म्हणजे?

काका: म्हणजे दीडचे पेशंट मीच. नाहीतर कोणीच नाही. तुम्हाला सोयीचं वाटेल ते धरा.

मॅडम: माझ्या दवाखान्यात, माझ्या वहीत, तुम्ही खोटा पेशंट लिहिलात? तिकडे लोक दोन दोन आठवडे वेळेसाठी ताटकळतात आणि इथे रोज पाऊण तास फुकट?

काका: म्हटलं, जेवाल. जरा डोळे मिटाल. दुपारची सुट्टी ठेवू म्हटलं की तुम्ही त्या सुट्टीत कोणाला तरी बसवता. पेशंटची वेळ मात्र तुम्ही दुसऱ्याला देत नाही. म्हणून आणला एक पेशंट.

मॅडम: छान! मला विचारायचं तरी.

काका: चार वेळा विचारलं. चारही वेळा तुम्ही म्हणालात, 'बघू.' आणि माझा डाव तसाही फसलाच. त्या पाऊण तासात तुम्ही केलंत काय? पहिल्या दिवशी औषधांचं कपाट उपसलंत. दुसऱ्या दिवशी कवळीच्या रंगावरून लॅबवाल्याला फैलावर घेतलंत, रंग बरोबर असताना. मग माझं काउंटर उचलून खिडकीशी नेलंत. आत्तासुद्धा बघा, पायाला भिंगरी. बसलाय का क्षणभर तरी?

मॅडम: मी ठीक आहे. दुसरी खुर्ची बसवल्यापासून काम वाढलंय, एवढंच.

काका: सकाळी गाडी लावलीत आणि वीस मिनिटं आतच बसून होतात.

मॅडम: फोन आला होता.

काका: फोन इथे होता. काल विसरून गेला होतात.

मॅडम: पाळत ठेवता का माझ्यावर?

काका: काउंटर खिडकीशी तुम्हीच नेलंत.

मॅडम: बरं, झालं तुमचं? त्या खोट्या नावावर काट मारा आणि अडीचच्यांना आत्ताच बोलवा.

काका: आधी बसच्या ड्रायव्हरांचं ऐका.

मॅडम: कोण ड्रायव्हर?

काका: साडेअकराचे. त्यांची खालची दाढ काढलीत.

मॅडम: हो, ती. निघाली की व्यवस्थित. त्यांचं काय?

काका: गालाला बर्फ धरून इथे उभे होते. मला म्हणाले, 'मॅडम आज घाईत होत्या का? मी दोनदा हात वर केला.'

मॅडम: नाही केला त्यांनी.

काका: मदतनीस ताई तुमच्या शेजारीच उभी असते ना? तीही तेच म्हणाली. दुसऱ्यांदा तुम्ही तो हात धरून खाली ठेवलात.

मॅडम: मी?

काका: वर त्यांनीच माझी समजूत घातली. 'जाऊ द्या, आपल्याला सवय आहे,' म्हणाले.

मॅडम: मला आठवत नाही. काका, खरंच आठवत नाहीय मला.

काका: 'दुखलं की डावा हात वर करा, मी थांबेन.' खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तुम्ही हे सांगत आलात. या भिंतीतून इतकं ऐकलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. गेला महिनाभर मात्र ऐकलं नाही.

मॅडम: त्यांचा नंबर द्या. माफी मागते.

काका: मागालच. त्याआधी चारचं बोला. शिक्षिका बाईंची अक्कलदाढ, आडवी, हाडात रुतलेली. तासभर तरी जाईल. त्या बाईंनी हात वर केला तर?

मॅडम: काका, मला राग येतो हो.

काका: माझा?

मॅडम: पेशंटचा. ते तोंड उघडतात आणि मला राग येतो. दात घासत नाहीत म्हणून नाही, नुसतं तोंड उघडलं म्हणून. सकाळी गाडीत बसले ते त्यासाठीच. पाय बाहेर पडेना. ही गोष्ट कोणाला सांगायची? दारावर पाटी माझ्या नावाची आहे.

काका: मला सांगितलीत.

मॅडम: मी थांबले तर सगळंच थांबेल. या खुर्च्या, ताई, तुम्ही...

काका: अगं, बस आधी!

मॅडम: काय म्हणालात?

काका: चुकलो, मॅडम. तोंडातून निघून गेलं.

मॅडम: नाही, राहू दे तसंच. बसते.

काका: पाणी घ्या. तुमची ती वर्गमैत्रीण दोनदा येऊन गेली. आठवड्याचे तीन दिवस इथे काम करते म्हणत होती. तिलाही तुमचं आपलं 'बघू.'

मॅडम: तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. म्हणून म्हटलं बघू.

काका: मग आता?

मॅडम: आता लावा तिला फोन. चारची दाढ ती करेल का विचारा. नाही जमलं तर बाईंना पुढची तारीख द्या, अडीचच्यांना तर द्याच, आणि कारण खरं सांगा.

काका: खरं म्हणजे काय सांगू?

मॅडम: डॉक्टर आजारी आहेत. आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे लिहिलेल्यांना पुढे ढकला, नवं कोणाला लिहू नका. मीच कुणाला तरी दाखवून येते. अशा आजाराचेही डॉक्टर असतातच की.

काका: अख्खा आठवडा? सुट्टी पेनानं लिहू की पेन्सिलीनं?

मॅडम: पेनानं. नाहीतर मी खोडेन.

(काका फोन लावतात. मैत्रीण चारला यायला एका शब्दात तयार होते. फोन ठेवून ते बघतात, तर मॅडम समोर नाहीत. आतून पेशंटची खुर्ची मागे झुकल्याचा आवाज येतो.)

काका: मॅडम? आत काय करताय?

मॅडम: तो वरचा दिवा बंद करा हो. थेट डोळ्यांवर येतो. सोळा वर्षांत या खुर्चीत कधी पडून बघितलं नव्हतं मी.

काका: केला. मैत्रीण येतेय चारला.

मॅडम: बरं झालं. ड्रायव्हरांना फोन तुम्ही करू नका. उठल्यावर मीच करणार.

काका: बरं. दार लोटून घेतो.

मॅडम: काका...

काका: हं?

मॅडम: वहीत लिहा. दीडचे पेशंट आले.