मामा उद्या जाणार आहेत

नाही, तिथं नको ताई, त्या स्टुलावर बसा. सोफ्यावर चादर घातलीय म्हणजे काही कारण असेल ना – आणि ते चादरीचं टोक सोडा आधी. म्हातारा झालो तरी दिसतं मला बरं. तुम्ही पाणी मागायला आलात, पाणी दिलं, ते अजून तसंच आहे भांड्यात. तहानलेला माणूस आधी भांडं रिकामं करतो, मग घर बघतो. तुम्ही आधी सोफ्याचे पाय बघितलेत.

असू द्या. सकाळपासून गल्लीभर हेच चाललंय – अंगावर निळी शाल, नाकावर साखळीचा चष्मा, ज्याला बघावं तो मालिकेतली मोठीआई. दाढीवाले बाप्येसुद्धा. कोपऱ्यावरचा न्हावी, जन्मात बायकोशी धड बोलला नाही, तोही शाल पांघरून येईल त्याला मोठीआईचंच ऐकवतोय, 'आधी बसा, मग रडा.' गिऱ्हाईक म्हणालं, वस्तरा तुझ्या हातात, रडायचं मलाच आहे. मालिका परत येतेय, आनंद आहे, कोण नाही म्हणतंय. मैदानात पडदा लावलाय, कर्णे लावलेत, केक येतोय तो म्हणे मोठीआईच्या घराच्या आकाराचा – म्हणजे ज्या घरासाठी एवढे रडले तेच कापून खाणार. खा बाबांनो. पण पडद्यापुढं तुमच्या मंडळींनी मोठीआईची खोली उभी केलीय, ती मी काल बघून आलोय. आरसा आहे, उभा दिवा आहे, आणि मधोमध जागा रिकामी. तिथं काय ठेवायचं राहिलंय, ताई? मी सांगू?

पण हा तो सोफा नाही. मला लिहिता येत नाही, नाहीतर लिहून दिलं असतं. सोफ्यांना कापड चढवण्यात हयात गेली माझी, असल्या वळलेल्या हातांचे सोफे पुष्कळ बघितलेत. त्याच्या उजव्या हातावर चहाचा डाग होता, मालिकेतल्या मामानं सांडलेल्या – आणि डाग म्हणाल तर तो मी हिरवं कापड चढवलं तेव्हाच खाली... हां. म्हणजे असले डाग खालीच जातात, असं म्हणत होतो.

बरं. आहे. तोच आहे. मालिका बंद झाली, शूटिंगचं सामान मोडीत निघालं, माझं तिथं दुरुस्तीला जाणं-येणं होतं, म्हटलं हा मला द्या. बायकोला त्या मालिकेचं वेड. घरी आणला तर ही म्हणते, टीव्हीत कसा निळा दिसायचा, हा तर पायपुसण्यासारखा दिसतोय – धुता येईल असं काहीतरी चढवा. चढवलं. जुनं न फाडता त्यावरूनच चढवलं. धंद्यात असं करणाऱ्याला आम्ही चोर म्हणतो, पण तिच्या आवडीच्या कापडाला कात्री लावायला माझा हात धजला नाही.

हळू बोला. आत पडलीय ती. संध्याकाळ झाली की उठते. मधे तिचं असं झालं होतं – पिशवी घ्यायची, दाराशी उभं राहायचं, मला घरी सोडा. अगं, हेच घर. तर म्हणायची, तुम्ही कोण हो, आणि दार का अडवता? एकदा ओरडली, तेव्हा शेजारी धावून आले, आणि मी आपला उभा, माझ्याच घरात चोरासारखा. हे बाहेर बोलू नका. मग एक दिवस काय मनात आलं, बसलो आणि ते हिरवं उसवून काढलं. ही पिशवी घेऊन आली, बघत राहिली, डागावरून हात फिरवला आणि बसली. म्हणाली, आले बाई घरी एकदाची. मग माझ्याकडे वळून – 'मामा, तुम्ही अजून इथंच? जाणार कधी?'

हसा, हसण्यासारखंच आहे. मालिकेतला मामा बहिणीकडं दोन दिवसांसाठी आला आणि मालिका संपली तरी गेला नाही. विचारलं की म्हणायचा, उद्या. मग मीही तेच म्हणालो. तेव्हापासून ती रोज विचारते, मी रोज सांगतो. ती स्वतःला त्या घरातली कोण समजते, ते मी कधी विचारलं नाही. नवरा तिच्या ध्यानात नाही, पण मामाला चहा हवा का विचारते. साखरही जास्त घालते. मला उभ्या जन्मात कधी घातली नाही.

आणि तुम्ही म्हणता, एका संध्याकाळपुरता द्या, उद्या आणून सोडतो. ताई, उद्या म्हणजे काय, ते मला सांगू नका. मी तो शब्द रोज वापरतो.

काय म्हणालात – त्यांनाही मैदानात आणा, पहिल्या रांगेत बसवू? मघाशी पाणी मागता मागता तुमच्याच तोंडून गेलं की, नव्या भागात मामा नाही. भिंतीवर फोटो आहे आणि मोठीआई त्या फोटोशी बोलते. ऐकलं तेव्हा मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, तुम्ही बघितलं नसेल, तुम्ही पाय बघत होतात सोफ्याचे. मामा घरातही आणि टीव्हीतही दिसला तर घोळ, म्हणून टीव्हीची वायर मी सकाळीच काढून डब्यात टाकलीय. कर्णे सुरू झाले की खिडकीला गादी लावीन, या घरात गाद्यांना तोटा नाही. पण कोणी आत येऊन सांगितलं तर काय लावू? म्हणून ती शाल काढा अंगावरची. हो, काढा. तिनं बघितली तर म्हणेल, मोठीआई आल्या, आणि विचारेल मामांचं. तुम्हाला खोटं बोलता येतं का? चेहऱ्यावरून वाटत नाही. तुमचा भरवसा वाटत नाही तो त्यामुळेच.

ऐकलंत? पलंग वाजला. चपला शोधतेय. ओढा ती चादर – ओढा, आता लपवायचं काय राहिलंय – हा तो डाग. बघितलात ना? झालं तर मग. आता स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघा, शाल गुंडाळून काखेत घ्या, आणि तुमच्या मंडळींना सांगा, म्हाताऱ्याकडे हिरवा सोफा आहे. एवढं खोटं बोलायला शिका. निघा, ताई.

या, या. आधी बसा.

हो, उद्या जातो.