उन्हावरचा पंप

करमाडच्या थांब्यावर मंजुषा शेंद्र्याच्या बसची वाट बघत उभी होती. त्या दुष्काळात शहराकडं कामाला जाणारे लई वाढले होते. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या आणि मंजुषाचे कान हळूहळू तिकडंच लागले.

“बानाबाई, तुमच्या वस्तीवर गोबरगॅस येणार व्हता ना?”

“योजनेचे साहेब नकाशा घिऊन आले व्हते की. समदे माना डोलावीत व्हते. मीच उठले.”

“भर सभेत?”

“व्हय. म्हनलं, साहेब, गुरं समदी चारा छावणीत. शेण कुठून आणू? वर त्याला शेणाइतकंच पाणी लागतंय. इथं प्यायला नाय.”

“चिडला असंल.”

“नाय गं. खाली मांडी घालून बसला. म्हणला, मावशी, मग काय करू या?”

“मग?”

“म्हनलं, उन्हाचा दुष्काळ कधी पडला नाय. खालच्या हिरीत पाणी हाय, पण लाइट नाय. बाया शेंदून शेंदून थकल्या. तिथं सोलरचा पंप बसवा.”

“ऐकलं?”

“ऐकलं. जागा आम्ही बायांनीच दावली. त्यो प्लेटा खाली बसवीत व्हता. म्हनलं, खांब पुरुषभर उंच करा, नायतर माझ्या शेळ्या वर चढून बसतील.”

“अगं बया! अन् आता कुठं निघालीस?”

“पडेगावाकडं. तिथल्या एका गावात सभा हाय. साहेबानं मलाच बोलावलंय.”

“काय सांगणार गं त्यांना?”

“आधी त्यांचं ऐकणार, आवडाबाई. त्यांच्या गावातलं मला काय ठावं?”