कंपनीचा पत्ता

(रविवार सकाळ. दोघांनी फोनवर मिळून म्हटलेली बुद्धवंदना नुकतीच संपली आहे. राजश्री इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला, तिचा नवरा प्रणय नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या एडिनबराला.)

राजश्री : आजही तू एक ओळ मागेच होतास.

प्रणय : नेट मागे होतं, मी नाही. ते सोड. अकाउंटंट काय म्हणाली?

राजश्री : म्हणाली, घरून एकटीच इमारतींची ड्रॉइंग्ज काढून देणार ना, मग सोल ट्रेडर पुरे. टॅक्सवाल्यांना कळवायचं, वर्षाला एक रिटर्न भरायचा, झालं.

प्रणय : आणि उद्या एखाद्या क्लायंटनं भरपाईचा क्लेम ठोकला तर? सोल ट्रेडर म्हणजे तू आणि धंदा एकच. थेट तुझ्या सेव्हिंग्जवर येणार. लिमिटेडमध्ये कंपनी वेगळी, तू वेगळी.

राजश्री : त्यासाठी इन्शुरन्स काढतेय.

प्रणय : तरी लिमिटेडच कर. इतकी वर्षं नोकरीत दुसऱ्याच्या नावाखाली ड्रॉइंग्ज काढलीस. आता तू डायरेक्टर. दारावर पाटी लागू दे.

राजश्री : दार भाड्याचं आहे. लँडलॉर्ड खिळा ठोकू देत नाही.

प्रणय : मस्करी नको. मी आईला सांगूनही टाकलं, तुझी सून कंपनी काढतेय म्हणून. एव्हाना नागपूरभर झालं असेल.

राजश्री : मग आईंना सांग, बेत बदललाय. इंग्लंडमध्ये रजिस्टर केलेल्या कंपनीचा पत्ता स्कॉटलंडला हलवता येत नाही. ती बंद करून तिकडे नवी काढावी लागते.

प्रणय : बरं, मग? तुला कुठं हलवायचीय?

राजश्री : (फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे रोखून बघते.)

प्रणय : हॅलो? आवाज जातोय का?

राजश्री : नाही. सगळं ऐकू येतंय.

प्रणय : हे अकाउंटंटनं आपणहून सांगितलं?

राजश्री : मी विचारलं. सोल ट्रेडरचंही विचारलं. तिथं काही नाही, पत्ता बदलला की कळवायचं, बस.

प्रणय : अगं, पण तुझे सगळे क्लायंट ब्रिस्टलचे.

राजश्री : ड्रॉइंग्ज कुठूनही पाठवता येतात. मी नोकरी कशासाठी सोडली असं वाटलं तुला?

प्रणय : बॉसला कंटाळून. तूच म्हणाली होतीस.

राजश्री : बॉसला मी पहिल्याच आठवड्यात कंटाळले होते.

प्रणय : मग मला आधी बोलायचंस ना.

राजश्री : तू बोलायचंस. तिकडे गेल्यापासून रोज मला वारा किती सुटलाय ते सांगतोस. 'ये' असं एकदाही म्हणाला नाहीस. मला वाटायला लागलं, ह्याला एकट्यालाच बरं वाटतंय.

प्रणय : बरं वाटतंय? अजून कुकरला दोघांचा भात लावतो मी. उरलेला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नेऊन खातो.

राजश्री : हे कधी सांगितलं नाहीस.

प्रणय : काय सांगू? बाबांच्या बदल्यांपायी आईची शिक्षिकेची नोकरी गेली. प्रत्येक गावात नवी शाळा शोधायची, मग शोधायचंही सोडलं. तक्रार नाही केली कधी. पण दुपारी गल्लीतली पोरं गोळा करून ओळीत बसवायची आणि हजेरी घ्यायची. ते बघत मोठा झालो मी. बायकोला 'माझ्या मागे ये' म्हणायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

राजश्री : मी काम सोडून येत नाहीये, घेऊन येतेय. आणि तुझ्या मागे नाही, मला यायचंय म्हणून. पण कुणी बोलवायला तरी हवं. न बोलावता यायला जड जातं रे, नवऱ्याकडे झालं तरी.

प्रणय : खोली लहान आहे इथली. तुझं ते ड्रॉइंगचं टेबल मावणार नाही.

राजश्री : प्रणय.

प्रणय : पलंग सरकवला तर मावेल. खिडकीपाशी. मोजून बघितलंय.

राजश्री : कधी?

प्रणय : आलो त्याच आठवड्यात.

राजश्री : मग आता म्हण.

प्रणय : ये.

राजश्री : नेट मागे आहे वाटतं. पुन्हा म्हण.

प्रणय : ये, राजश्री. ये.