कपाळावरचा भोवरा

नाही, पण मी म्हणते, आधीच सांगितलं होतं ना मी त्या पार्लरवालीला? की बाई गं, माझ्या कपाळावर भोवरा आहे, अगदी केस सुरू होतात तिथेच, तेव्हा पुढचे केस ओले करून कापू नकोस, वाळले की उभे राहतात... सांगितलं होतं! तर म्हणते कशी, "टेन्शन नका घेऊ ताई, सगळे भोवरे बसतात." बसतात? माझ्या वडिलांचा जन्मभर बसला नाही! तोच माझ्याकडे आला. त्यांना टक्कल पडलं, ते सुटले, मी अडकले.

आणि तुम्हाला सांगते, नुसती हौस म्हणून नव्हते गेले हो. इतकी वर्षं काउंटरवर मान मोडून आत्ता कुठे बँकेच्या शाखेची मॅनेजर झाले, दारातच भिंतीवर माझा फोटो लागणार, खाली नाव, हुद्दा... म्हटलं, जरा रुबाबदार दिसावं, हे माळरानासारखं कपाळ झाकावं. चुकलं का माझं?

तर तिने काय करावं? बाटली उचलली आणि फुस् फुस् फुस्, कपाळ, नाक, कान, सगळं भिजवलं! मी म्हणतेय, अगं ओले नको, आणि ती केस चापूनचोपून खाली ओढून भुवयांच्या रेषेत कात्री चालवतेय. आरशात पाहिलं तर... खोटं कशाला बोलू, छान दिसत होते. ड्रायर लावेपर्यंत. मग डावीकडचे केस जागच्या जागी आणि उजवीकडचे ताडकन उभे! मी म्हटलं, सांगितलं होतं मी. तर हिने केलं काय, माहितीये? डावीकडचे उजवीकडच्यांइतके आखूड केले! मग उजवीकडचे पुन्हा ओले केले... ओले! शेवटी कपाळावर दात घासायचा ब्रश उरला.

घरी सासूबाईंनी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि "वाढतील" म्हणाल्या. एवढंच. टोमणा मारला असता तरी चाललं असतं हो.

दुसऱ्या दिवशी फोटो. पिना लावल्या, जेल थापलं, पण भोवरा कसला ऐकतोय? फोटोवाल्याने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या मॅडम, कॉम्प्युटरवर बसवतो. आणि बसवले की त्याने! लांब, मऊ, थेट भुवयांपर्यंत. लागला फोटो दारात. काय दिसतेय मी त्यात!

आणि काल एक आजोबा तावातावाने केबिनमध्ये आले, माझ्याकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही नाही, त्या फोटोतल्या बाईंना बोलवा."

आता त्यांना काय सांगू? की आजोबा, मी आधीच सांगितलं होतं...? जाऊ दे. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, म्हटलं, "बसा. त्या रजेवर आहेत, केस वाढले की रुजू होतील."