वॉरनला सांग

ओरिन : खाली बस. रायफल बाजूला ठेव आणि बस.

क्लेम : लागलीये त्याला. पाठ वाकवली त्याने, मी बघितलं.

ओरिन : पाठ वाकवली म्हणूनच म्हणतोय, बस. छातीत गोळी लागली की एल्कसारखा थोराड हरणाचा नरही सरळ उधळतो आणि थोड्या अंतरावर कोसळतो. अशी कमान करून, डोकं खाली घालून चालत जातो तो पोटात लागलेला. मागे लागली तुझी गोळी.

क्लेम : थोडी मागे.

ओरिन : वीतभर. वीतभर पुढे लागली असती तर आत्ता आपण सुऱ्यांना धार लावत असतो.

क्लेम : ऐन वेळी वळला तो.

ओरिन : वळला असेल.

क्लेम : नाही वळला. माझा हात हलला.

ओरिन : हं. तो उभा होता तिथे काय सापडलं?

क्लेम : रक्त आहे. काळपट, पातळ. हिरवा चोथा आहे त्यात. हे बघ, बोटाला लागलंय.

ओरिन : बघायला नको, वास इथवर येतोय. मग दुपारपर्यंत हलायचं नाही. आत्ता मागे लागलो तर तो उठेल, आणि एकदा उठला की सॅमन नदी येईपर्यंत थांबायचा नाही. एकटा सोडला तर जवळच कुठेतरी सावली बघून बसेल.

क्लेम : ऊन बघ कसलं पडलंय. ऑक्टोबर आहे की जून, तेच कळेना. पोट फुटलेलं जनावर एवढा वेळ पडलं तर मांसाचं काय होईल?

ओरिन : थोडं जाईल. घाई केली तर सगळं जाईल, आणि ते जनावर कुठल्या तरी झुडपात दोन रात्री तडफडत मरेल. शिवाय वारा बघ. पहाटेचा गार वारा अजून डोंगरावरून खाली वाहतोय. आपला वास थेट त्याच्या नाकात. ऊन दरीत उतरलं की हवा तापेल, वारा उलटा फिरेल, खालून वर यायला लागेल. मग आपण वरून उतरायचं.

क्लेम : हे मला तूच शिकवलंयस. माझ्या लग्नाच्याही आधी.

ओरिन : तोंडाला सवय लागलीये. कॉफी घे. हात का हलला?

क्लेम : झोप झाली नाही. रात्रभर कूस बदलत होतास तू. एकाच तंबूत झोपतो आपण, ओरिन. गाडीत बसल्यापासून तुला काहीतरी सांगायचंय आणि तू मला डोंगर दाखवतोयस. सांगून टाक.

ओरिन : ट्विला वॉरनशी लग्न करतेय.

क्लेम : माहितेय.

ओरिन : कोणी सांगितलं?

क्लेम : तिनेच. बायको होती ती माझी, मला परस्पर कळू देईल का? फोन केला होता. नीट बोलली. मीही नीट बोललो. आता तू तिचा भाऊ, तू कधी तोंड उघडतोस याची वाट बघत होतो.

ओरिन : मला वाटलं, जनावर मिळाल्यावर सांगावं. पोट भरलेलं असताना.

क्लेम : बरं, ऐकलं मी. आता कूस बदलू नकोस.

ओरिन : हे अर्धंच झालं.

क्लेम : उरलेलं सांग.

ओरिन : वॉरनला शिकारीला यायचंय. पुढच्या वर्षी. त्याने कधी काही मारलेलं नाही. ट्विला म्हणाली, तू घरातला, तूच ने त्याला.

क्लेम : जाऊ की तिघं.

ओरिन : क्लेम.

क्लेम : काय?

ओरिन : एका तंबूत? तू, मी आणि तो?

क्लेम : नाही. नाही जमायचं.

ओरिन : मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.

क्लेम : नाहीही म्हटलेलं नाहीस.

ओरिन : नाही.

क्लेम : माणूस कसा आहे?

ओरिन : बरा आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं मला. त्याचं दुकान आहे, कानाच्या यंत्रांचं. हे माझ्या कानातलं त्यानेच बसवून दिलं.

क्लेम : म्हणजे काल संध्याकाळी त्या नराची शीळ माझ्याआधी तुला ऐकू आली, ती...

ओरिन : त्याच्या यंत्रामुळे. गेली कित्येक वर्षं मला वाटत होतं, या डोंगरातले एल्क ओरडेनासे झालेत. लांडगे आले म्हणून गप्प झाले, असं सगळ्यांना सांगत फिरायचो मी. एल्क होते तसेच होते. कान गेले होते माझे.

क्लेम : मला सांगितलं नाहीस.

ओरिन : यंत्र कोणाकडून घेतलं, ते सांगावं लागलं असतं.

क्लेम : बूट आहेत का त्याच्याकडे?

ओरिन : कोणाकडे?

क्लेम : वॉरनकडे.

ओरिन : घेईन म्हणाला, शिकारीच्या मोसमाच्या आधी.

क्लेम : आत्ताच घ्यायला सांग. उन्हाळाभर पायात घालून टेकड्या चढू देत त्याला, पाठीवर वाळूचं पोतं घेऊन. मोसमाच्या तोंडावर घेतलेले बूट दुसऱ्या दिवशी टाच सोलतात. आणि मोजे लोकरीचे. एक जोड कायम कोरडा, झोपताना घालायचा. त्याला हात लावायचा नाही.

ओरिन : हे मला कशाला सांगतोस? मी काय आज आलोय इथे?

क्लेम : तू नवख्याला वारा सांगतोस, रक्त सांगतोस, आकाशातले तारेसुद्धा सांगतोस. बुटांचं विसरतोस. माझ्या पहिल्या वर्षी मी मोज्यात रक्त घेऊन तुमच्या घरी आलो होतो. ट्विलाने मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवले माझे आणि शिव्या तुला घातल्या.

ओरिन : अजून घालते.

क्लेम : आणि नराला बोलवायची शिट्टी पहिल्या वर्षी त्याच्या हातात देऊ नकोस. दुकानातून आणतात आणि दिवसभर फुंकत बसतात, सगळा डोंगर रिकामा होतो. नराला एकदा हाक द्यायची आणि मग गप्प बसायचं. त्याला आपल्याला शोधत येऊ द्यायचं. गप्प बसता येतं का त्याला?

ओरिन : येतं. समोरच्याचं ऐकून घेतो तो.

क्लेम : धंदाच आहे त्याचा. मलाही गप्प बसता यायचं. ऐकून घ्यायला यायचं नाही, असं ती म्हणायची.

ओरिन : ती बरंच काही म्हणायची.

क्लेम : वारा फिरला का बघ.

ओरिन : अजून नाही. पड जरा. मी जागा आहे.

(दुपारी, दरीच्या उतारावर.)

ओरिन : रक्तावर पाय देऊ नकोस, कडेकडेने चल. चुकलो तर परत इथूनच शोधावं लागेल.

क्लेम : इथे संपले थेंब.

ओरिन : शेवटच्या थेंबाशी कागद अडकव फांदीला. आता शोधणं सोड आणि त्याच्या जागी उभा राहून बघ. पोटात आग आहे. तहान लागलीये. ऊन नको आहे. कुठे जाशील?

क्लेम : खाली. ओढ्याकडे, पलीकडच्या सावलीत.

ओरिन : चढ तर चढणारच नाही. वारा तोंडावर आहे ना?

क्लेम : आहे.

ओरिन : मग चल. दहा पावलं टाकायची आणि थांबून ऐकायचं. थांब. थांब जरा.

क्लेम : काय झालं?

ओरिन : श्वास ऐकू येतोय.

क्लेम : मला नाही येत.

ओरिन : त्या आडव्या पडलेल्या झाडाच्या मागे. शिंगाची टोकं दिसतायत बघ. बसलाय. डोकं वर आहे अजून.

क्लेम : बघतोय आपल्याकडे.

ओरिन : उठायची ताकद नाही राहिली. या बुंध्यावर हात टेकव आणि मानेच्या बुडाशी मार.

क्लेम : तू मार, ओरिन.

ओरिन : नाही. परवाना तुझा, जनावर तुझं.

क्लेम : हात बघ माझा.

ओरिन : बघतोय. हलू दे त्याला. श्वास सोड आणि आपोआप थांबेपर्यंत वाट बघ. मी इथेच आहे. आपल्याला कुठे जायचं नाहीये.

क्लेम : झालं.

ओरिन : झालं. मागच्या बाजूने जा, आणि डोळ्याला काठी लावून बघ. पापणी हलतेय?

क्लेम : नाही.

ओरिन : मग आधी परवान्याच्या चिठ्ठीवर आजच्या तारखेला खाच पाड, बाकी सगळं नंतर. काय म्हणालास त्या जनावराला?

क्लेम : काही नाही.

ओरिन : यंत्र आहे माझ्या कानात.

क्लेम : मग ऐकलंस.

ओरिन : ऐकलं. चल, बाह्या वर कर. पोट उघडायचंच नाही, आधीच आत सगळी घाण झालीये. असाच कुशीवर राहू दे. पाठीच्या कण्यावरून कातडी सोलत खाली ये, वरच्या अंगाचा पुढचा पाय काढू, मग मागचा, मग कण्यालगतचा मऊ मांसाचा पट्टा. मग उलटा करू. गरमी आपली वैरी आहे, कातडी जितकी लवकर निघेल तितकं मांस वाचेल.

क्लेम : मांडीच्या आत हिरवं झालंय इथे.

ओरिन : तेवढं कापून फेक. सुरी धू आणि मग पुढचं काप, नाहीतर सगळीकडे पसरवशील. हं. बाकीचं चांगलं आहे. पाठ तर एकदम स्वच्छ.

क्लेम : मांसाच्या पिशव्या कुठे टांगायच्या?

ओरिन : ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्या फर झाडाच्या सावलीत. चहूबाजूंनी वारा लागला पाहिजे. आणि आतड्यांपासून लांब. अस्वल आलं तर आधी आतड्यांवर बसेल, त्याला तेवढंच मिळू दे. परत येताना मात्र लांबूनच मोठ्याने बोलत यायचं.

क्लेम : एकटा असलो तर?

ओरिन : एकटा असलास तरी बोलत यायचं. मागचा पाय मला दे.

क्लेम : तू पुढचा घे. हलका आहे.

ओरिन : दमलेलं नसताना जड न्यायचं असतं.

क्लेम : तू आलास तेव्हाच दमलेला होतास. पुढचा घे. खेचरं विकायला नको होतीस.

ओरिन : त्यांना दाणा घालायला रोज पहाटे उठणारा माणूस लागतो.

क्लेम : वॉरनला हे सगळ्यात आधी सांग. चाप ओढायच्या आधी स्वतःला विचारायचं, हे वर कोण नेणार. घळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नरावर गोळी झाडायची नाही, मग शिंगं कितीही मोठी असोत.

ओरिन : तू झाडलीस.

क्लेम : म्हणूनच सांगतोय. ओझ्याचा पट्टा कमरेला आवळ आधी, मग खांद्याला. सगळं वजन कमरेवर येऊ दे. निघू या.

(चढणीवर.)

ओरिन : थांब. इथे टेकू दे जरा.

क्लेम : ओझं उतरवू नकोस. त्या खडकाला टेकव तसंच. उतरवलंस तर परत चढवता यायचं नाही.

ओरिन : अर्धी चढण तरी झाली का रे?

क्लेम : झाली असेल.

ओरिन : खोटं बोलतोस.

क्लेम : पाणी पी. ओरिन, तोंड पांढरं पडलंय तुझं.

ओरिन : दम लागलाय. दुसरं काही नाही. बोल काहीतरी, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

क्लेम : ही खेप झाली की तू गाडीपाशी थांब. चूल पेटव. अंधाराच्या आत आणखी एक खेप होईल माझी. उरलेलं उद्या सकाळी. रात्री गारठा पडतो खाली, टिकेल.

ओरिन : एकटा नेणार सगळं?

क्लेम : दुसरं कोण आहे?

ओरिन : मी तिला नाही म्हणून सांगतो. वॉरनला नेणं जमणार नाही म्हणून.

क्लेम : नको.

ओरिन : समजून घेईल ती.

क्लेम : घेईल. म्हणूनच नको सांगूस. तू परत बहिणीच्या आणि माझ्या मध्ये उभा राहणार, आणि तीच समजून घेणार. पुष्कळ समजून घेतलं तिने. आणि तुला आता मागचा पाय उचलणारा कोणीतरी पाहिजेच. त्याची पाठ कशी आहे?

ओरिन : रुंद आहे.

क्लेम : मग झालं तर.

ओरिन : आणि तू?

क्लेम : ऑरेगनच्या बाजूला मावसभाऊ आहे माझा. तिकडे झाडी दाट आहे, जनावर कमी. बघू. नाहीतर घरी बसेन. ऑक्टोबरात घरी कसं वाटतं, ते बघितलंच नाही कधी.

ओरिन : हेच म्हणायची ती.

क्लेम : हो.

ओरिन : उन्हाळ्यात तू रानातल्या आगी विझवायला जायचास, हिवाळ्याच्या तोंडावर मी तुला इकडे आणायचो. मीही होतो त्यात.

क्लेम : मला कोणी दोरी बांधून आणलं नव्हतं. यायचं होतं म्हणून आलो. तू आता ते उकरू नकोस, ओझं पुरे आहे पाठीवर.

ओरिन : बरं.

क्लेम : कण्यालगतचा मांसाचा पट्टा ट्विलाला दे. नेहमीसारखा.

ओरिन : या वेळी तुझ्या नावाने देतो.

क्लेम : नको. नेहमी काय सांगतोस?

ओरिन : मी मारला म्हणून सांगतो.

क्लेम : तेच सांग.

ओरिन : क्लेम, तुम्ही वेगळे झाल्यापासून मी एकही एल्क मारलेला नाही. सगळ्या गावाला माहितेय. केस कापणारासुद्धा चेष्टा करतो माझी.

क्लेम : म्हणजे मी मारलेला असतो, हे तिला माहितेय?

ओरिन : पहिल्या वर्षापासून.

क्लेम : तरी घेते?

ओरिन : घेते.

क्लेम : आणि खाते?

ओरिन : खाते.